आजार बरा झाला, पण पाय गेले!

न्यूमोनिया आटोक्यात आला, ताप उतरला, रक्ताचे रिपोर्ट सुधारले. डिस्चार्जच्या कागदावर सही झाली, बिल भरले गेले, औषधांची पिशवी हातात आली. आजोबांना घरी न्यायला मंडळी खाटेपाशी गेली तेव्हा लक्षात आले, की त्यांना धड उभेही राहता येत नाही. आठ-दहा दिवसांपूर्वी हेच आजोबा मुलाचा हात धरून का होईना, स्वतःच्या पायांनी रुग्णालयात शिरले होते. त्याआधी रोज सकाळी दूध आणत होते, अंघोळ आपली आपण करत होते. आता त्यांना व्हीलचेअरवरून गाडीपर्यंत न्यावे लागते आणि घरी पोहोचल्यावर पहिला प्रश्न पडतो तो संडासला कसे न्यायचे हा.

थोड्याफार फरकाने हा प्रसंग असंख्य घरांत घडतो. ‘वयच झाले आता’, ‘आजारपणाने खाल्ले त्यांना’ असे म्हणून सगळे आपली समजूत घालतात. आजाराचा वाटा त्यात असतोच. पण वृद्धांच्या आरोग्यावर काम करणारे डॉक्टर गेली अनेक वर्षे सांगत आहेत, की या खचण्यात आणखी एक मोठा वाटेकरी असतो, तो म्हणजे खाट. दिवसचे दिवस पडून राहण्याने वृद्ध शरीराचे होणारे नुकसान औषधांच्या यादीत दिसत नाही, रिपोर्टमध्ये येत नाही आणि डिस्चार्जच्या दिवशीच उघडे पडते.

हे किती जणांच्या बाबतीत घडते? अमेरिकेतील ७० वर्षांवरील २,२९३ रुग्णांचा अभ्यास २००३ मध्ये प्रसिद्ध झाला. अंघोळ, कपडे घालणे, खाटेवरून खुर्चीत बसणे, संडासला जाणे, हाताने जेवणे अशी रोजची कामे आजारी पडण्याआधी त्यांना कितपत जमत होती आणि घरी जाताना कितपत जमतात, याची त्यात तुलना होती. सुमारे ३५ टक्के रुग्ण घरी जाताना आधीपेक्षा अधिक परावलंबी झालेले होते. नव्वदीपुढच्यांत हे प्रमाण निम्म्याहून जास्त होते. म्हणजे ज्या आजारासाठी दाखल केले तो बरा झाला, तरी दर तीन वृद्धांमागे एकाला कोणाच्या तरी आधाराची गरज लागू लागली.

‘थकले’ म्हणजे नेमके काय?

‘ते आता फार थकलेत’ असे मराठीत सहज म्हटले जाते. वैद्यकशास्त्रात या थकलेपणाला ‘फ्रेलिटी’ म्हणतात. फ्रेलिटी हा एखादा विशिष्ट रोग नव्हे आणि ते नुसते म्हातारपणही नव्हे. ऐंशी वर्षांचा एखादा माणूस दोन मजले चढतो आणि पासष्टीचा दुसरा खुर्चीतून उठताना हातांचा आधार शोधतो. दोघांच्या वयापेक्षा त्यांच्या शरीरातली शिल्लक महत्त्वाची असते. तरुण शरीरात प्रत्येक अवयवाची थोडी गंगाजळी असते. ताप आला, चार दिवस जेवण गेले, तरी तीतून भागते. थकलेल्या शरीरात ही गंगाजळी संपत आलेली असते. मग लघवीचा साधा जंतुसंसर्ग किंवा दोन दिवसांचे जुलाबही माणसाला अंथरूण धरायला लावतात.

हे थकलेपण मोजता येते. अमेरिकेतील डॉ. लिंडा फ्रीड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ मध्ये ६५ वर्षांवरील पाच हजारांहून अधिक लोकांच्या माहितीच्या आधारे पाच खुणा ठरवल्या. प्रयत्न न करता वर्षभरात साधारण साडेचार किलो किंवा अधिक वजन उतरणे, सततचा थकवा, हाताची पकड कमजोर होणे, चालण्याचा वेग मंदावणे आणि एकूण हालचाल कमी होणे, या त्या खुणा. यातल्या तीन किंवा अधिक असतील तर व्यक्ती फ्रेल, एक-दोन असतील तर ती उंबरठ्यावर आहे असे समजतात.

दुसरी पद्धत कॅनडातील डॉ. केनेथ रॉकवूड यांच्या गटाने २००५ मध्ये मांडली. तिच्या आजच्या रूपात १ ते ९ अशा पायऱ्या आहेत. पहिल्या पायरीवर ठणठणीत माणूस, पाचवीवर पैशांचे व्यवहार, प्रवास किंवा घरातली जड कामे यांसाठी मदत लागणारा, सातवीवर स्वतःच्या शरीराच्या सगळ्या गरजांसाठी दुसऱ्यावर अवलंबून असणारा आणि नववीवर आयुष्याच्या अखेरच्या टप्प्यातला. या पद्धतीत एक गोष्ट कटाक्षाने पाळायची असते. रुग्ण आज खाटेवर कसा दिसतो यावरून पायरी ठरवायची नाही, तर आजारी पडण्याआधी, साधारण दोन आठवड्यांपूर्वी तो कसा होता यावरून ठरवायची. तापाने ग्लानीत पडलेला प्रत्येक वृद्ध थकलेलाच दिसतो. तो महिनाभरापूर्वी बाजारात जात होता, हे घरच्यांनी सांगितले तरच डॉक्टरांना कळते.

या मोजमापाचा गैरवापर होऊ शकतो, हेही करोनाच्या साथीत दिसले. मार्च २०२० मध्ये ब्रिटनच्या ‘नाइस’ या संस्थेने अतिदक्षता विभागात कोणाला घ्यावे हे ठरवताना या पायऱ्यांचा विचार करावा, असे सुचवले. त्यावर टीका झाली आणि तरुणांसाठी, तसेच कायमचे अपंगत्व किंवा बौद्धिक अक्षमता असलेल्यांसाठी ही मोजपट्टी वापरू नये, अशी दुरुस्ती काही दिवसांतच करावी लागली. थकलेपण मोजायचे ते कोणाला जास्त मदत लागेल हे ओळखण्यासाठी. ‘यांच्यावर आता कशाला मेहनत घ्यायची’ असे म्हणण्यासाठी नव्हे.

दहा दिवसांत एक किलो

पडून राहिल्याने शरीराचे काय होते, याचे सर्वांत स्पष्ट उत्तर निरोगी माणसांनीच दिले आहे. अमेरिकेत झालेल्या आणि २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात साठी ओलांडलेल्या सुमारे डझनभर धडधाकट स्वयंसेवकांना दहा दिवस अंथरुणात ठेवले. त्यांना ताप नव्हता, संसर्ग नव्हता, जेवण वेळेवर होते. तरीही दहा दिवसांत त्यांच्या पायांचे सुमारे एक किलो स्नायू झिजले आणि गुडघा सरळ करणाऱ्या स्नायूंची ताकद जवळपास १६ टक्क्यांनी घटली. निरोगी माणसांची ही गत असेल, तर ज्याला ताप आहे, जेवण जात नाही, तपासण्यांसाठी उपाशी ठेवले जाते आणि शरीरात दाह पेटलेला आहे, त्याचे किती स्नायू जात असतील याचा अंदाज करता येतो.

मांडीचे स्नायू वजन उचलत नाहीत तेव्हा नवी प्रथिने बांधण्याचे त्यांचे काम मंदावते. तरुण शरीर हे नुकसान लवकर भरून काढते, वृद्ध शरीराला ते फार सावकाश जमते. ही झीज फक्त स्नायूंपुरती राहत नाही. आडवे राहिल्याने रक्ताचे आकारमान घटते. त्यामुळे अचानक उभे केले की रक्तदाब कोसळतो, चक्कर येते. फुप्फुसांच्या तळाशी कफ साचतो. पायांच्या शिरांत रक्ताच्या गुठळ्या होण्याचा धोका वाढतो. माकडहाडावर, टाचांवर जखमा होतात. पोट साफ होत नाही. पहिल्यांदा उभे राहताना चक्कर आली की रुग्ण घाबरतो, नातेवाईक घाबरतात आणि पुन्हा झोपवतात. पुढच्या वेळी उठणे आणखी अवघड होते.

रुग्णालयात वृद्ध माणसे प्रत्यक्षात किती हालचाल करतात, हे अमेरिकेतील माजी सैनिकांच्या एका रुग्णालयात मोजले गेले. दाखल होण्याआधी चालू शकणाऱ्या ६५ वर्षांवरील ४५ रुग्णांच्या मांडीला आणि घोट्याला हालचाल टिपणारी लहान यंत्रे बांधली. २००९ मध्ये आलेल्या निष्कर्षानुसार रुग्णालयातला सरासरी ८३ टक्के वेळ हे रुग्ण आडवेच होते. उभे राहणे आणि चालणे मिळून दिवसाकाठी तासभरही होत नव्हते.

जुनाच धडा

हे ज्ञान नवे नाही. लंडनजवळच्या वेस्ट मिडलसेक्स रुग्णालयात १९३५ मध्ये शेजारचे गरिबांसाठीचे जुने रुग्णालय सामील करण्यात आले आणि तिथल्या ७१४ रुग्णांची जबाबदारी डॉ. मार्जरी वॉरन यांच्याकडे आली. त्यात असाध्य ठरवून टाकलेले, वर्षानुवर्षे खाटेवर पडलेले वृद्ध होते. वॉरन यांनी प्रत्येकाला नव्याने तपासले, आजारांप्रमाणे त्यांची वर्गवारी केली, वॉर्ड उजळ केले आणि रुग्णांना खाटेवरून उठवून व्यायाम सुरू केले. कायमचे अंथरुणाला खिळलेले म्हणून सोडून दिलेल्यांतले कित्येक जण चालू लागले, काही घरी परतले. १९४३ आणि १९४६ मध्ये त्यांनी हे अनुभव वैद्यकीय नियतकालिकांतून मांडले. वृद्धांच्या वैद्यकशास्त्राची ब्रिटनमधली सुरुवात तिथून मानली जाते. पुढच्याच वर्षी, १९४७ मध्ये, डॉ. रिचर्ड अ‍ॅशर यांनी अंथरुणात पडून राहण्याच्या धोक्यांवर लिहिलेला लेख प्रसिद्ध झाला. तो आजही वैद्यकीय विद्यार्थ्यांना वाचायला सांगतात.

तरीही ‘पूर्ण विश्रांती’ हा शब्द रुग्णालयांतून आणि घरांतून गेला नाही. त्यामागे प्रेम आहे आणि भीतीही आहे. आईला उठू न देणे, तिचे सगळे जागेवर करणे ही सेवा वाटते. रुग्ण पडला तर जबाबदार कोण, ही धास्ती परिचारिकांना आणि डॉक्टरांना असते. परिणामी, जो रुग्ण सगळ्यांत शांत पडून राहतो, तो सगळ्यांत ‘चांगला’ रुग्ण ठरतो.

सत्त्याऐंशीव्या वर्षी व्यायाम

मग आजारी, थकलेल्या वृद्धाला व्यायाम झेपेल का? स्पेनमधील पाम्प्लोना शहरातल्या डॉक्टरांनी याचे उत्तर शोधले. ७५ वर्षांवरील ३७० रुग्ण त्यांनी निवडले. त्यांचे सरासरी वय ८७ होते. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे त्यांचे दोन गट केले. एका गटाला नेहमीचे उपचार मिळाले, त्यात गरजेनुसार फिजिओथेरपीही होती. दुसऱ्या गटाला त्याशिवाय पाच ते सात दिवस, दिवसातून दोन वेळा, प्रत्येकी २० मिनिटे व्यायाम दिला. सकाळी देखरेखीखाली खुर्चीतून उठणे-बसणे, पायांनी वजन ढकलणे, तोल सांभाळणे, चालणे. संध्याकाळी हलकी वजने घेऊन साधे व्यायाम आणि मार्गिकेत फेऱ्या.

२०१९ मध्ये प्रसिद्ध झालेले निष्कर्ष बोलके होते. रोजची कामे स्वतः करण्याची क्षमता मोजणारी १०० गुणांची एक मोजपट्टी आहे. नेहमीचे उपचार घेतलेल्या गटाचे घरी जाताना त्यातले सरासरी ५ गुण कमी झाले होते. व्यायाम केलेल्या गटाचे जवळपास २ गुण वाढले होते. तोल, चालण्याचा वेग आणि खुर्चीतून उठणे यांच्या १२ गुणांच्या चाचणीत व्यायामाचा गट दोन गुणांहून अधिक पुढे होता. व्यायामामुळे कोणाला इजा झाली नाही. रुग्णालयातला मुक्काम किंवा मृत्यूचे प्रमाण यांत मात्र दोन गटांत विशेष फरक पडला नाही. म्हणजे व्यायामाने आयुष्य वाढले, असा दावा या अभ्यासातून करता येत नाही. घरी कोणत्या अवस्थेत परत जायचे, हे त्याने बदलले.

हृदयाचे काम कमी पडल्यामुळे दाखल झालेल्या वृद्धांवर अमेरिकेत असाच अभ्यास झाला. ३४९ रुग्णांपैकी व्यायामाच्या गटाला रुग्णालयातच सुरुवात करून, घरी गेल्यावर एकूण १२ आठवडे ताकद, तोल, हालचाल आणि दम वाढवण्याचे व्यायाम दिले. बहुतेक सगळे रुग्ण थकलेले किंवा थकलेपणाच्या उंबरठ्यावरचे होते. २०२१ मध्ये आलेल्या निष्कर्षांत त्यांची शारीरिक क्षमता दुसऱ्या गटापेक्षा स्पष्टपणे चांगली दिसली. पुन्हा दाखल होण्याचे प्रमाण मात्र लक्षणीय घटले नाही.

‘काहीबाही बरळतात’

पायांबरोबर अनेकदा डोकेही साथ सोडते. दुसऱ्या-तिसऱ्या रात्री आजी अचानक बरळू लागतात, मुलाला ओळखत नाहीत, सलाईनची सुई उपटतात. ‘वात झाला’ असे घरचे म्हणतात. वैद्यकीय भाषेत याला ‘डिलिरियम’ म्हणतात. संसर्ग, वेदना, पाणी कमी पडणे, लघवी तुंबणे, झोप मोडणे, नवी औषधे अशी त्याची कारणे असतात. त्यावर झोपेचे इंजेक्शन देऊन किंवा हात बांधून ठेवून प्रश्न सुटत नाही, उलट अनेकदा वाढतो. काही वृद्धांत डिलिरियम उलट्या रूपात येतो. ते गप्प, सुस्त पडून राहतात आणि म्हणूनच कोणाच्या लक्षात येत नाहीत.

अमेरिकेत डॉ. शॅरन इनोये यांनी यावर आखलेला कार्यक्रम अगदी साधा आहे. चष्मा आणि श्रवणयंत्र रुग्णाजवळ ठेवायचे, आज वार कोणता, आपण कुठे आहोत हे बोलत राहायचे, पाणी पाजायचे, दिवसातून काही वेळा चालवायचे, रात्री आवाज कमी करायचा. झोप येत नसेल तर गोळीऐवजी कोमट दूध आणि पाठीला मालिश. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ८५२ रुग्णांच्या अभ्यासात या उपायांनी डिलिरियमचे प्रमाण १५ टक्क्यांवरून ९.९ टक्क्यांवर आले. यातले एकही काम घरच्या माणसाला न जमणारे नाही.

पेज पुरेशी नाही

आजाऱ्याला हलके द्यावे म्हणून पेज, मऊ भात, साबुदाण्याची खीर, चहा-बिस्किटे दिली जातात. पोटाला ते सोसते, पण स्नायू बांधायला लागणारी प्रथिने त्यात फार थोडी असतात. वृद्धांच्या पोषणावर काम करणाऱ्या तज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय गटाने २०१३ मध्ये निरोगी वृद्धांसाठी दर किलो वजनामागे रोज १ ते १.२ ग्रॅम आणि आजारी वृद्धांसाठी १.२ ते १.५ ग्रॅम प्रथिने सुचवली. म्हणजे ६० किलो वजनाच्या आजारी माणसाला दिवसाला निदान ७२ ग्रॅम. एका अंड्यातून सुमारे ६ ग्रॅम मिळतात, कपभर दुधातूनही साधारण तेवढीच. म्हणून पातळ वरणाऐवजी घट्ट वरण, मुगाचे धिरडे, दही, पनीर, चालत असेल त्यांना अंडी, मासे किंवा चिकन, असे थोडे थोडे पण दर खाण्यात प्रथिने येतील असे पाहावे लागते. मूत्रपिंडाचा विकार असेल तर मात्र प्रथिनांचे प्रमाण डॉक्टरांनाच विचारून ठरवावे.

तोंडाची स्थितीही पाहायला हवी. कवळी घरी राहिली, तोंड कोरडे पडले, गिळताना ठसका लागतो, अशी कारणे ‘त्यांना जेवणच जात नाही’ या वाक्यामागे दडलेली असतात. रुग्णाला आडवे ठेवून भरवण्यापेक्षा खुर्चीत ताठ बसवून, शक्यतो त्यांच्याच हाताने जेवू देणे अधिक सुरक्षित असते.

आपल्याकडची अडचण

भारतात २०११ च्या जनगणनेनुसार साठीपुढचे लोक १० कोटींहून अधिक होते आणि शतकाच्या मध्यापर्यंत दर पाच भारतीयांमागे एक जण साठीपुढचा असेल, असा अंदाज आहे. मुंबईच्या देवनार येथील आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेच्या समन्वयाने २०१७-१८ मध्ये झालेल्या देशव्यापी पाहणीत ४५ वर्षांवरील ७२ हजारांहून अधिक लोकांची माहिती घेतली गेली. हाताच्या पकडीची ताकदही त्यात मोजली गेली. २०१०-११ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय वृद्ध आरोग्य सेवा कार्यक्रमात जिल्हा रुग्णालयांत वृद्धांसाठी दहा खाटांचा वॉर्ड, स्वतंत्र बाह्यरुग्ण विभाग आणि फिजिओथेरपी यांची तरतूद आहे. मुंबईचे जे. जे. रुग्णालय या कार्यक्रमातील विभागीय केंद्रांपैकी एक आहे. ऑक्टोबर २०२४ पासून ७० वर्षांवरील प्रत्येकाला, उत्पन्न कितीही असले तरी, आयुष्मान योजनेत कुटुंबामागे वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंतच्या उपचारांचे संरक्षण मिळाले आहे. पण ही योजना मुख्यतः दाखल होऊन घ्यायच्या उपचारांसाठी आहे. घरी आल्यानंतरचे कित्येक आठवड्यांचे पुनर्वसन कुटुंबाच्याच खांद्यावर येते.

आणि कुटुंब म्हणजे प्रत्यक्षात बहुतेकदा एकच व्यक्ती असते. स्वतःचे गुडघे दुखत असलेली पत्नी, नोकरीवरून रजा घेतलेली सून किंवा मुलगी. वृद्धाला उठता-बसता येते की नाही, यावर त्या व्यक्तीचेही पुढचे दिवस ठरतात. चोवीस तासांची आया ठेवावी लागेल की अंघोळीपुरता हात द्यावा लागेल, यातला फरक मांडीच्या थोड्या ताकदीचा असू शकतो.

वॉर्डात एका परिचारिकेकडे इतके रुग्ण असतात, की प्रत्येकाला चालवणे तिला शक्य होत नाही. आपल्याकडे एक जमेची बाजू मात्र आहे. बहुतेक वृद्धांजवळ घरचे कोणीतरी थांबलेले असते. हा माणूस आज प्रामुख्याने औषधे आणणे, फाइल सांभाळणे आणि मोबाइल पाहत बसणे यांत वेळ घालवतो. त्याला काय करायचे हे कोणी नीट दाखवले, तर वॉर्डातला सगळ्यांत उपयोगी माणूस तोच ठरेल.

काय विचारावे, काय करावे

दाखल झाल्याच्या पहिल्या दिवशी डॉक्टरांना दोन गोष्टी आपणहून सांगाव्यात. रुग्ण आजारी पडण्याआधी काय काय स्वतः करत होता आणि घरी कोणती औषधे चालू आहेत. झोपेच्या, चक्कर आणणाऱ्या किंवा गुंगीच्या औषधांपैकी कोणते थांबवता येईल, हेही विचारावे. त्यानंतर रोज राउंडच्या वेळी एक प्रश्न विचारण्यासारखा आहे, ‘आज यांना खाटेवरून उठवायला हरकत आहे का?’ हाड मोडलेले असेल, रक्तदाब अस्थिर असेल, श्वास लागत असेल, तर उत्तर ‘थांबा’ असे येईल आणि ते पाळलेच पाहिजे. पण कित्येकदा उत्तर ‘उठवा की’ असेच असते, कोणी विचारलेले नसते इतकेच.

परवानगी मिळाल्यावर घाई करू नये. आधी पाय खाली सोडून खाटेच्या कडेला दोन-तीन मिनिटे बसवावे. चक्कर नसेल तर आधाराने उभे करावे, मग खुर्चीत बसवावे. तिन्ही वेळचे जेवण खुर्चीत झाले तरी दिवसातून तीनदा उठणे होते. संडासला शक्य असेल तर चालत न्यावे. पायात सपाता नकोत, मागून पक्की बसणारी चप्पल किंवा बूट असावेत. लघवीची नळी घातली असेल तर ती अजून किती दिवस लागणार, हे रोज विचारावे. नळी असेपर्यंत संसर्गाचा धोका असतो आणि चालणेही अडते. सोय म्हणून लावलेल्या डायपरचेही तसेच. उठता येणाऱ्या माणसाला डायपरची सवय लावली, तर संडासपर्यंत जाण्याचे कारणच उरत नाही. खुब्याचे हाड मोडून शस्त्रक्रिया झाली असेल, तरी दुसऱ्याच दिवशी रुग्णाला उभे करण्याचा प्रयत्न व्हावा, असे आंतरराष्ट्रीय मार्गदर्शन सांगते.

डिस्चार्जच्या दिवशी औषधांच्या कागदाइतकाच महत्त्वाचा दुसरा कागद मागून घ्यावा. कोणते व्यायाम, किती वेळा, कोणत्या वेगाने वाढवायचे आणि फिजिओथेरपिस्टला पुन्हा कधी दाखवायचे, हे त्यावर लिहून मागावे. रुग्णाला खाटेवरून उठवायचे कसे, हे फिजिओथेरपिस्टने एकदा समोर करून दाखवले तर उचलणाऱ्याची कंबरही वाचते.

घरी आल्यावरचे पहिले काही आठवडे नाजूक असतात. येल विद्यापीठाचे डॉ. हार्लन क्रुमहोल्झ यांनी २०१३ मध्ये या काळाकडे लक्ष वेधले होते. अमेरिकेत घरी गेलेल्या वृद्धांपैकी जवळपास एक पंचमांश ३० दिवसांत पुन्हा दाखल होतात आणि बऱ्याच वेळा मूळ आजारापेक्षा वेगळ्याच कारणासाठी. झोपमोड, उपासमार आणि पडून राहणे यांनी खिळखिळे झालेले शरीर नव्या दुखण्याला बळी पडते. म्हणून घरी येण्याआधीच मोरीत आणि संडासात धरायला दांडा, खुर्चीचा कमोड, रात्री पुरेसा उजेड, वाटेतले पायपुसणे हटवणे ही कामे उरकून घ्यावीत.

प्रगती मोजायला यंत्र लागत नाही. हात छातीशी धरून खुर्चीतून पाच वेळा उठायला किती सेकंद लागतात, हे आठवड्यातून एकदा घड्याळ लावून पाहावे, शेजारी कोणी उभे असताना. आशियाई तज्ज्ञांच्या २०१९ च्या निकषांनुसार १२ सेकंद किंवा अधिक लागत असतील, तर स्नायू कमजोर असल्याची शंका घ्यावी. आजारातून उठलेल्या माणसाला सुरुवातीला एकदाही हाताच्या आधाराशिवाय उठता येणार नाही. ते एकदा जमले, मग दोनदा जमले, की कुटुंबाला आणि रुग्णालाही पुढे जाण्याचा हुरूप येतो.

प्रत्येकजण पूर्वीसारखा होईल, असे आश्वासन कोणीही देऊ शकत नाही. ज्यांचे थकलेपण फार पुढे गेले आहे, ज्यांचा आजार अखेरच्या टप्प्यात आहे, त्यांना रेटून चालवण्यापेक्षा वेदना कमी करणे, स्वच्छ ठेवणे आणि सोबत बसणे हेच उपचार असतात. हा निर्णय रुग्णाशी, घरच्यांशी बोलून डॉक्टरांनी घ्यायचा असतो. तोवर मात्र ‘आता यांचे काय राहिले’ असे गृहीत धरू नये. २९ अभ्यासांतील १३ हजारांहून अधिक रुग्णांच्या माहितीचा २०१७ मध्ये एकत्रित आढावा घेतला गेला. डॉक्टर, परिचारिका, फिजिओथेरपिस्ट आणि समाजसेवक यांनी मिळून वृद्धाची सर्वांगीण तपासणी करून उपचार आखले, तर तो पुढच्या काही महिन्यांत जिवंत आणि स्वतःच्या घरी असण्याची शक्यता वाढते, असे त्यात दिसले.

आपल्या प्रत्येक रुग्णालयात असा चमू उद्या उभा राहणार नाही. पण आज संध्याकाळी भेटीच्या वेळेत वॉर्डात जाणाऱ्याला चष्मा, कवळी आणि चप्पल सोबत नेता येईल, आणि ड्यूटीवरच्या सिस्टरला विचारून आजींना दहा मिनिटे खुर्चीत बसवता येईल.